एमजीए १९५७: अँबेसिडरचं इंजिन काढून मूळ इंजिन परत बसवताना (फोंड्यातल्या नोंदी)

१२ नोव्हेंबर २०२३

गाडी घरी आली. एमजीए १५००, म्हणजे इंग्लंडच्या एमजी कंपनीची उघडी टू-सीटर स्पोर्ट्स कार, १९५७ ची, बार्देशातल्या एका जुन्या घराच्या मागच्या पडवीत सोळा वर्षं उभी होती. टेंपोत घालून फोंड्यापर्यंत आणायला पाच हजार. घेतली कितीला ते लिहित नाही, आमच्याकडे या नोंदी घरचेही वाचतात. रंग लाल, खालून गंज आहे पण चेसिस ठोकून बघितली तर भरीव आवाज येतो, लाकडी फ्लोअरबोर्ड वाळवीने खाल्लेत. ट्विन एसयू कारबोरेटर जागेवर, हेड जागेवर, इंजिन हाताने फिरतंय. विकणाऱ्या अंकलनी छातीठोक सांगितलं, सगळं ओरिजिनल, लिस्बनवरून बोटीने आलेली गाडी. मी मान हलवली आणि पैसे दिले. इथपासून चूक सुरू झाली.

१९ नोव्हेंबर

प्लग साफ, पेट्रोल ताजं, बाहेरची बॅटरी, आणि तिसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. धूर एवढा की शेजारच्या काकींनी दोरीवरचे कपडे आत नेले. चालतं पण आरपीएम मीटर मेलेलं. स्पीडोचं समजू शकतो पण एमजीएचं आरपीएम मीटर मेकॅनिकल असतं, म्हणजे केबल तुटली असणार असं धरून चाललो. डॅशखाली हात घातला, केबलचं वरचं टोक लागलं, खालचं टोक लोंबकळत होतं. तुटलीच आहे म्हणून इंग्लंडहून नवी मागवली, ३,८०० रुपये. खालचं टोक कुठे लागतं ते आधी बघायला हवं होतं. ते मी केलं नाही.

३ डिसेंबर

केबल आली. गाडीखाली झोपलो. एमजीएच्या इंजिनला डाव्या बाजूला, मागे, आरपीएम मीटरचा ड्राइव्ह असतो, कॅमशाफ्टच्या गिअरवरून फिरणारा. माझ्या ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला) तिथे ड्राइव्ह नाही, ड्राइव्ह जाऊ दे, त्यासाठीचं भोकही नाही. सपाट बीड (ओतीव लोखंड).

आमच्या मेस्तांना (मेकॅनिकना) बोलावलं, वय सत्तरच्या पुढे, पूर्वी टॅक्सीवाल्यांची कामं करायचे. त्यांनी वाकून एकदाच बघितलं आणि म्हणाले, "बाबा, हे अँबेसिडरचं. अशी दोनशे तरी उघडली असतील मी." मग उजव्या बाजूला जिथे इंजिन नंबरची प्लेट असते तिथे बोट लावून दाखवलं, तिथे नुसता रंगाचा थर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अँबेसिडरमध्ये आधी साइडव्हॉल्व्ह इंजिन होतं, १९५९ च्या सुमाराला त्यात बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज १४८९ सीसी आलं, आणि एमजीए १५०० मध्येही तेच बी-सिरीज १४८९. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९, दोन्हींचं एकच. म्हणून आपल्याकडे एमजीएचं इंजिन गेलं की मेस्त लोक सरळ टॅक्सीवाल्याकडून ब्लॉक आणायचे. जुन्या मेस्तांनी हेड, कारबोरेटर, मॅनिफोल्ड, पुढची प्लेट, चेंबर (खालचं तेलाचं भांडं) सगळं एमजीएचंच ठेवून नुसता ब्लॉक बदललाय. काम इतकं नीट की वरून बघणाऱ्याला बापजन्मात कळणार नाही. मला तरी कुठे कळलं.

१७ डिसेंबर

अंकलकडे परत गेलो, भांडायला नाही, विचारायला. आधी ते रागावले, मग बायकोने आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून दिला. बटणं, दोन जुनी पोर्तुगीज नाणी, जीडीए या गोव्याच्या जुन्या नंबरचं फाटकं आरसी बुक, आणि तळाला बोटभर लांबीची पातळ प्लेट. एक कोपरा मुडपलेला. नंबर वाचता येतो, सुरुवात १५जीबी/यू/एच. म्हणजे १५०० सीसी, एमजीए, मधला गिअर, हाय कॉम्प्रेशन. पुढचे आकडे इथे देत नाही.

आरसी बुकात १९७४ चा जांभळा शिक्का आणि हाताने लिहिलेला दुसरा इंजिन नंबर. म्हणजे बदल चोरून नव्हता, रीतसर नोंदवलेला. अंकलना आता आठवलं, की म्हापशाहून येताना इंजिनाने "पाय बाहेर काढला", म्हणजे कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. मग जुना ब्लॉक कुठे? "मेस्तकडेच राहिला असेल." ते तेव्हाचे मेस्त वारले, वर्कशॉप बंद.

६ जानेवारी २०२४

महिनाभर काम बंद, सुट्टीचे पाहुणे. पण फोनवर बरंच झालं. मुंबईतला एक जण जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करून देतो, त्याला फोटो पाठवले. त्याचा हिशेब असा: आहे तशी, अँबेसिडर ब्लॉकसकट, नीट चालती करून अठरा लाखांच्या आसपास. मूळ इंजिन आणि त्याला जोडणारा कागद असेल तर बावीस-तेवीस. आणि मग हळूच, "प्लेट मिळालीय ना? मग अँबीच्या ब्लॉकवर दोन रिव्हेट मारून टाका, कोण बघतंय."

खोटं कशाला बोलू, एक रात्र झोप लागली नाही. चार-पाच लाख आणि दोन रिव्हेट.

पण बघणारा बघतोच. मी स्वतः अडाणी असून आरपीएम मीटरच्या भोकावरून मला हा बदल सापडला, तर परदेशातला जाणकार माणूस पहिल्या पाच मिनिटांत डाव्या बाजूला टॉर्च मारणार. शिवाय आरसीत अँबीचा नंबर आणि ब्लॉकवर दुसरा नंबर म्हणजे फसवणुकीचं सरळ प्रकरण.

इथे मॅचिंग नंबर (गाडीत कारखान्यातून आलेलंच इंजिन आहे हे नंबरांवरून पटवणं) या प्रकाराबद्दल थोडं, कारण मला स्वतःला घोळ होता. अमेरिकन कॉर्व्हेटमध्ये ब्लॉकच्याच एका सपाट पॅडवर नंबर ठोकलेला असतो आणि १९६० पासून त्यात गाडीच्या सीरियलचे आकडेही येतात, म्हणून इंजिन आणि चेसिस समोरासमोर धरून जुळवता येतात. तिथे लोक नंबरच नाही तर पॅडवरच्या मशीनिंगच्या बारीक रेघाही भिंगाने बघतात, कारण खोडून नव्याने ठोकलं की त्या रेघा जातात. जॅग्वार ई-टाइपचा नंबर ब्लॉकवरही आणि हेडवरही. फेरारीने तर कंपनीतूनच क्लासिके सर्टिफिकेट द्यायला सुरुवात केली, इंजिन-गिअरबॉक्स मूळ आहेत का ते तपासून. एमजीएचं तसं नाही. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर एकमेकांशी मेळ खातच नाहीत, दोन वेगळ्या रांगा. जुळतात फक्त एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्याच्या रजिस्टरात. आणि नंबर प्लेटवर, प्लेट रिव्हेटवर. म्हणजे चोराला सोपं आणि खऱ्या माणसाला सिद्ध करायला अवघड. त्यातून बीएमसी स्वतःच त्या काळात गोल्ड सील नावाने तयार बदली इंजिनं विकायची, तेव्हा इंग्लंडातल्याही कित्येक एमजीएंची मूळ इंजिनं त्यातच गेली.

तर ठरलं. आधी कागद, मग ब्लॉक शोधायचा, सापडला तर बघू.

इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे हेरिटेज सर्टिफिकेटसाठी (कारखान्याच्या रजिस्टरातल्या नोंदीच्या दाखल्यासाठी) अर्ज टाकला. चेसिस प्लेटचा फोटो, आरसीची कॉपी. बँकेचे चार्जेस धरून साडेसहा हजार.

११ फेब्रुवारी

सर्टिफिकेट आलं. पाकीट उघडताना हात थरथरत होते, बायको म्हणाली बारावीचा रिझल्ट आहे का.

इंजिन नंबर: डब्यातल्या प्लेटवरचाच, अक्षर न अक्षर. इथपर्यंत उड्या मारल्या. मग पुढचे रकाने वाचले. रंग: ग्लेशियर ब्लू. माझी गाडी लाल. दरवाजाच्या आतल्या बिजागरीजवळ नखाने खरवडलं, लालच्या खाली पांढरा, पांढऱ्याच्या खाली फिकट निळा. आणि पाठवलेली कुठे: केनिया.

अंकलना फोन केला. लिस्बन गेलं उडत. बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पप्पा नैरोबीत होते ना नोकरीला." स्टिअरिंग उजवीकडे आहे ते त्यामुळे जुळतं. पोर्तुगालने १९२८ मध्येच उजवीकडून चालायला सुरुवात केली, गोवा मात्र शेजाऱ्यांमुळे डावीकडेच राहिला, तेव्हा नैरोबीची गाडी इथे काही न बदलता चालली. घरात साठ वर्षं सांगितलेली गोष्ट आणि रजिस्टरातली एक ओळ. मला वाईट वाटलं त्यांच्यासाठी, पण नंतर त्यांनीच नातवाला फोन करून कौतुकाने केनिया सांगितलं म्हणे.

२५ फेब्रुवारी

ब्लॉक सापडला!! वारलेल्या मेस्तच्या घरी तीनदा गेलो. दोनदा मुलगा भेटला नाही. आज भेटला, शेडमध्ये काही नाही म्हणाला, सगळं भंगारात गेलं. परत निघालो तर विहिरीजवळ कपडे धुवायचा दगड दिसला, आणि दगडाला एका बाजूने टेकू काय होता तर उलटा पडलेला चार सिलिंडरचा ब्लॉक, अर्धा मातीत. गुडघ्यावर बसून माती उकरली, डाव्या बाजूला मागे भोक. आरपीएम मीटरच्या ड्राइव्हचं.

चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही असं ठरवून गेलो होतो, ते काही जमलं नाही. पंधरा हजार सांगितले, सहावर तुटलं, वर धुण्याच्या दगडाला सिमेंटचा कट्टा बांधून द्यायचा. कट्ट्याला साडेचार हजार गेले. मुलाची आई म्हणाली आता दगड हलत नाही, बरं झालं.

१० मार्च

ब्लॉक धुतला. आधी केरोसीन, मग प्रेशर वॉशर. उजव्या बाजूला चार नंबरच्या सिलिंडरखाली मूठ जाईल एवढं भगदाड, आणि तिथून खाली चेंबरच्या फेसपर्यंत एक चीर. सिलिंडर गंजाने खडबडीत. कॅमशाफ्ट आतच अडकलेला, चिखल आणि गांडुळं.

आता खरी गोष्ट. भाचा मदतीला होता, त्याने हौसेने ड्रिलला वायर ब्रश लावून उजव्या बाजूची वरची उंच जागा घासायला घेतली. मी चहा घेऊन आलो तेव्हा तीस टक्के घासून झालं होतं. तिथे गंजाच्या मधोमध एक आयत दिसत होता, फिकट राखाडी-हिरवट रंगाचा, बोटभर. ती प्लेटची सावली. प्लेट जितकी वर्षं तिथे होती तितकी वर्षं तिच्याखाली कारखान्याचा रंग जपला गेला आणि बाकी सगळीकडे गंज. आरडाओरडा करून ड्रिल बंद केलं. डब्यातली प्लेट आणून वर धरली. रिव्हेटची भोकं जुळली, त्यात विशेष नाही, ती कुठल्याही बी-सिरीजला जुळतील. पण प्लेटचा जो कोपरा मुडपलेला आहे, नेमका त्याच कोपऱ्यात आयताला गंजाचा छोटा त्रिकोण चावा घेतल्यासारखा. मुडपलेल्या कोपऱ्याखाली हवा-पाणी गेलं, तेवढाच रंग खाल्ला. भाच्याने डाव्या बाजूचा तिसरा हिस्सा उडवला होता, कोपरा उजवीकडचा होता म्हणून वाचला.

फोटो काढले, चाळीसेक. पट्टी लावून, प्लेट धरून, प्लेटशिवाय, सकाळच्या तिरप्या उजेडात. कुणी हे करत असेल तर कृपा करून आधी फोटो, मग ब्रश. रजिस्टर सांगतं की ही प्लेट या चेसिसची. ही प्लेट या ब्लॉकची हे सांगणारं जगात दुसरं काहीच नव्हतं, तो रंगाचा तुकडाच होता.

२४ मार्च

शिगम्याच्या गडबडीत एक मूर्खपणा. जवळच्या वेल्डरने सांगितलं निकेल रॉडने भरून देतो, बीड काय मोठं काम नाही. ब्लॉक गरम करायची सोय त्याच्याकडे नव्हती. थंड ब्लॉकवरच मारलं. संध्याकाळी तो गार होत असताना आम्ही समोर उभे होतो आणि आवाज आला, टिंग, काचेचा पेला चमच्याने वाजवल्यासारखा. मग परत टिंग. चीर होती तिच्या बाजूला नवी चीर, वर सिलिंडरच्या दिशेने दोन इंच. पाच हजार त्याला दिले, त्याची चूक कमी, माझी घाई जास्त.

१४ एप्रिल

आमच्या मेस्तांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बीडाला टाका घालतात, झाळत नाहीत. जुवारीच्या काठावर बार्ज रिपेअरवाला एक माणूस आहे, खाणी जोरात होत्या तेव्हा मांडवी-जुवारीतल्या बार्जांची मोठी डिझेल इंजिनं तो जागेवर शिवायचा. २०१२ ला खाणी थांबल्या, परत सुरू झाल्या, २०१८ ला लीज रद्द झाल्या, तेव्हापासून काम तुटपुंजं. एवढासा चार सिलिंडरचा ब्लॉक बघून तो हसला. म्हणाला, हे तर खेळणं.

मेटल स्टिचिंग कसं करतात ते दोन शनिवार बसून बघितलं. आधी माझ्या वेल्डरचं सगळं वेल्ड ग्राइंड करून काढलं. चिरेच्या दोन्ही टोकांना भोक, म्हणजे चीर पुढे पळत नाही. मग चिरेला आडवे लॉक बसवायचे, पत्र्याच्या साखळीसारखे. मग चिरेवर एक भोक, त्यात आट्याची पिन, ती कापायची, पुढचं भोक अर्धं त्या पिनमध्ये अर्धं बीडात, त्यात दुसरी पिन, असं करत करत चीर संपेपर्यंत. भगदाडाला दुसऱ्या भंगार बीडातून तुकडा कापून, फाइलने मापात आणून, कडेने असाच शिवला. शेवटी छोट्या हातोडीने ठोकून ग्राइंड. गरम काहीच नाही. एकशे बारा पिना, मी मोजल्या. २८,००० रुपये आणि तीन आठवडे. पाणी भरून प्रेशर दिलं, एक थेंब नाही.

मी विचारलं, ग्राइंड करून रंग मारला तर दिसणार नाही ना? तो म्हणाला दिसू दे की, काम आहे ते. मग आतून तसंच ठेवलं, बाहेरून रंग. पण दुरुस्तीचे फोटो फाइलमध्ये आहेत. मूळ ब्लॉक म्हणून विकायचं आणि त्याला भगदाड होतं हे सांगायचं नाही, हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं.

१९ मे

चोर्ला घाटातून बेळगावला, उद्यमबागेत. ब्लॉक मागच्या सीटवर बेल्ट लावून, चेकपोस्टवर पोलिसाने विचारलं हे काय, म्हटलं पाहुणे. बोअर एवढे गंजलेले की ओव्हरसाइजला पण साफ होईनात, म्हणून चारही सिलिंडरांत स्लीव (नवं अस्तर) टाकून परत स्टँडर्ड. मूळ क्रँक मेस्तने तेव्हाच भंगारात दिला असणार, म्हणून अँबेसिडरच्या इंजिनातला क्रँक काढून मापं लावली, बसला. तीन मेन बेअरिंगचाच आहे. दहा थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) ग्राइंडिंग. रॉडही अँबीचे, गजन पिनला (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) क्लॅम्पचा बोल्ट असलेले जुन्या धाटणीचे. ब्लॉक फेसिंग करू का विचारलं तर मी आधी उजव्या बाजूचा आयत हाताने झाकला, मग हो म्हटलं. तिथला मालक मला वेडा समजला असणार. सगळं मिळून ३१,०००, जाऊन-येऊन तीन खेपा.

आता कुणी विचारेल, स्लीव नवे, क्रँक-रॉड अँबीचे, एका बाजूला तुकडा शिवलेला, मग मूळ काय राहिलं? हा प्रश्न मला मेस्तांनीही विचारला, थोडं कुत्सितपणे. माझं मत असं की नंबर ब्लॉकचा असतो, आतलं सामान झिजायलाच बनवलेलं. रेसमधल्या गाड्यांचे क्रँक-पिस्टन तर तेव्हाच सीझनला दोनदा बदलायचे. पण हे मान्य, की ज्याचा ब्लॉक कधी उघडलाच नाही आणि माझा, यांना एकच भाव द्या असं मी म्हणणार नाही.

३० जून

पाऊस. गॅरेजच्या पत्र्यातून दोन जागी गळती. इंग्लंडहून सामान अडकलं होतं ते सुटलं: पिस्टन, मेन आणि बिगेन बेअरिंग, टॅपेट, पूर्ण पॅकिंग सेट, आरपीएम मीटरचा ड्राइव्ह, आणि मागे गिअर असलेला कॅमशाफ्ट, कारण अँबीच्या कॅमला तो गिअर नाही. कस्टम धरून ९६,०००. घासलेला बोअर रात्रीत गंजतो, म्हणून ब्लॉक तेल चोपडून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, देवघराशेजारच्या कोरड्या खोलीत. आईने काही म्हटलं नाही, फक्त उदबत्ती थोडी लांब सरकवली.

४ ऑगस्ट

जुलैचे सगळे रविवार जुळणीत. क्रँक, मग पिस्टन, गजन पिनचे क्लॅम्प बोल्ट मेस्तांनी स्वतः ओढले, मला हात लावू दिला नाही. हेड नट ५० पाउंड-फूट, तीन टप्प्यांत. चार वाजता सेल्फ मारला, कारबोरेटरमधून ठो. परत मारला, परत ठो, यावेळी एअर क्लीनरमधून ज्योत. कॅम चुकीचा बसला की काय म्हणून पुढचं कव्हर उघडलं, टायमिंगचे ठिपके बरोबर. मग रात्री साडेनऊला मेस्तांच्या लक्षात आलं, डेल्कोचा (प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) ड्राइव्ह अर्धा फेरा उलटा बसलाय. मीच बसवला होता. चार तास गेले, वरच्या पत्र्यातून पाणी टपकत होतं ते वेगळं.

११ ऑगस्ट

लागलं. पहिल्या सेल्फला. ऑइल प्रेशर थंड असताना ६० च्या वर, गरम झाल्यावर ५०. टॅपेट गरम इंजिनवर १७ थाऊला परत लावले. पण मी प्रेशरच्या काट्याकडे बघतच नव्हतो, मी दुसऱ्या काट्याकडे बघत होतो. पन्नास वर्षांनी आरपीएम मीटर हललं. आधी थरथरलं, मग आठशेवर येऊन उभं राहिलं. डिसेंबरात फुकट गेली म्हणून शिव्या घातलेली केबल कामी आली. भाचा व्हिडिओ काढायला विसरला.

२२ सप्टेंबर

चवथीनंतर कागद. इंजिन बदलायचं तर मोटर व्हेइकल कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी घेऊन आरसीत नोंद लागते, १९७४ ला लागली तशीच उलट्या दिशेने आता. पेन्सिल प्रिंट घ्यायला आलेला माणूस ब्लॉकवर ठोकलेला नंबर शोधत होता, प्लेट बघून म्हणाला ही तर निघते. हो, निघते. मग पुढ्यात फाइल टाकली: सर्टिफिकेट, १९७४ चा शिक्का, सावलीचे फोटो, शिवणीचे फोटो. त्याने कोपऱ्यातल्या गंजाच्या त्रिकोणाचा फोटो मोठा करून बघितला, प्लेटचा कोपरा बघितला, आणि मग हसला. दुसरी अडचण तिरप्या रेघांची, मध्ये रेघा असलेला नंबर टाइप करताना एकदा एक अक्षर गळलं, ते दुरुस्त व्हायला दोन आठवडे. तुम्ही करत असाल तर टाइप झालेला नंबर तिथल्या तिथे वाचून घ्या.

हे आरसीचं मुद्दाम लिहितोय कारण २०२१ च्या व्हिंटेज नियमात पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको असं आहे. त्या नियमाखालचा व्हिंटेज गाड्यांचा खास व्हीए नंबर नवीन नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांचा, आणि मग गाडी रोज वापरता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरती. मी तो घेतलेला नाही, मला रविवारी फर्मागुडीपर्यंत पाव आणायला जायचं असतं. पण पुढे कुणाला घ्यायचा असेल तर आरसीत १५जीबी असणं आणि अँबीचा नंबर असणं यात फरक पडतो.

६ ऑक्टोबर

प्लेट बसवली. बसवण्याआधी सावलीचा शेवटचा फोटो, त्या दिवसाचं वर्तमानपत्र बाजूला धरून, कारण आता ती परत प्लेटखाली जाणार आणि कुणी काढल्याशिवाय दिसणार नाही. आयतावर रंग मारला नाही, नुसतं पातळ मेण. मुडपलेला कोपरा सरळ केला नाही. मेस्त म्हणाले ठोकून सपाट करू का, मी इतक्या जोरात नाही म्हटलं की ते दचकले.

खर्चाचा हिशेब, कारण फोनवर सगळे तेच विचारतात. ब्लॉक आणि कट्टा १०,५००, सर्टिफिकेट ६,५००, केबल ३,८००, फुकट गेलेलं वेल्डिंग ५,०००, शिवण २८,०००, बेळगाव ३१,०००, इंग्लंडचं सामान ९६,०००, क्लच-वॉटर पंप-तेल-रंग २२,०००, दोन्ही टेंपो ९,५००. दोन लाख बारा हजार तीनशे. मेस्तांनी मजुरी घेतली नाही, त्यांना काय दिलं ते आमच्यात. वेळ अकरा महिने.

मुंबईवाल्याला फाइल पाठवली. त्याने एकवीस सांगितले, शिवणीमुळे दीड-दोन कमी म्हणाला, आणि रंग निळा असता तर अजून वर गेला असता. म्हणजे अठरावरून एकवीस, तीन लाखांतून दोन लाख बारा गेले तर हातात अठ्ठ्याऐंशी हजार, अकरा महिन्यांचे. फेरारीवाल्यांचं गणित वेगळं, तिथे मूळ इंजिनाच्या असण्या-नसण्याचा फरकच अख्ख्या बंगल्याएवढा. एमजीए लाखभर बनल्या. पैशासाठी करत असाल तर आधी ब्लॉक हातात आहे का बघा, नसेल तर शोधत बसू नका, अँबीचं इंजिन प्रामाणिकपणे अँबीचं म्हणून विका, चांगलं चालतं ते. आणि ब्लॉक असेल, फुटका का असेना, तर गाडीबरोबर द्या-घ्या. धुण्याच्या दगडाखाली जाऊ देऊ नका.

१३ ऑक्टोबर

अंकलना फिरवून आणलं, म्हापशाच्या त्याच रस्त्याने. पूर्ण वेळ आरपीएम मीटरकडे बोट दाखवून विचारत होते हे काय आहे, त्यांच्या आठवणीत ते कधी हललंच नव्हतं. अँबीचा ब्लॉक ग्रीस लावून फळीवर ठेवलाय, मेस्त म्हणतात देऊन टाक, एका टॅक्सीवाल्याला हवाय.

राहिलेलं: मीटर पाचशे जास्त दाखवतंय, मागच्या मेनमधून तेलाचे चार थेंब रोज, आणि रंग. निळा करायचा की लाल ठेवायचा यावर घरात तीन पक्ष आहेत.